मदत हवी आहे: रेडिएशन मोजणाऱ्या बॅजचा आकडा किरकोळ, तरी डोळ्याच्या भिंगात ठिपके

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा, वय ३९. गेली १२ वर्षं पणजीजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात कॅथलॅब (एक्स-रेखाली हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात, ब्लॉकेज काढतात ती खोली) टेक्निशियन आहे. चवथीनंतर चष्म्याचा नंबर तपासायला गेलो. डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी केली आणि डाव्या भिंगाच्या मागच्या बाजूला बारीक ठिपके दिसतात म्हणाले. मोतीबिंदूची सुरुवात. मधुमेह? नाही. स्टेरॉइड? कधीच नाही. मग काम काय करता ते विचारलं आणि केसपेपरवर लिहून घेतलं.

तेव्हापासून बॅजचे जुने रिपोर्ट काढून बसलोय. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेलं रेडिएशन नोंदवणारा बिल्ला, दर तीन महिन्यांनी वाचून येतो. माझा आकडा वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्याही (रेडिएशनच्या डोसचं एकक) आत. मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०. जमीन, हवेतला रेडॉन आणि अवकाशातून येणारं नैसर्गिक रेडिएशनच जगभरात सरासरी २.४ असतं. कागदावर मी ठणठणीत. पण बॅज छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत. डोळे उघडे! पेशंटच्या अंगावरून विखुरलेले किरण सरळ तोंडावर येतात. शिशाच्या काचेचे चष्मे आमच्याकडे दोनच, ते डॉक्टर लावतात. मी तीनदा मागितले, मिळाले नाहीत.

आईला वाटतं रेडिएशन अंगात साठून राहतं, म्हणून मी मुलांना जवळ घेतलं की ती अस्वस्थ होते. तसं नसतं, हे तिला समजावलंय. मशीन बंद की एक्स-रे संपला. मागे उरते ती डीएनएला झालेली इजा. पेशी ती बहुतेक वेळा दुरुस्त करतात, पण एखादी दुरुस्ती चुकते.

वाचून गोंधळ वाढला. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या खनिजाच्या वाळूत किरणोत्सारी थोरियम आहे, म्हणून तिथे नैसर्गिक रेडिएशन जास्त. लोक पिढ्यानपिढ्या तिथे राहतात, आणि २००९ च्या अभ्यासात तिथे कॅन्सर जास्त आढळला नाही. उलट फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांवर अणुकामगारांच्या अभ्यासात (२०२३) डोस वाढेल तसा कॅन्सरने मरण्याचा धोका वाढलेला दिसला, कमी डोसमध्येसुद्धा. भिंगाचं तर वेगळंच. २०११ साली आयसीआरपीने (रेडिएशनपासून संरक्षणाच्या शिफारशी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) डोळ्यांची मर्यादा वर्षाला १५० वरून एकदम २० वर आणली.

डोळ्यांना गेल्या १२ वर्षांत किती डोस मिळाला, याचा अंदाज आता काढता येतो का? कॅथलॅबमधल्या कुणाला असा त्रास झालाय का? मला हे काम सोडायचं नाही.

प्रतिसाद: भाऊ, आतल्या बॅजवरून डोळ्यांचा डोस कळत नाही. एप्रनच्या बाहेर, गळ्याशी दुसरा बॅज लावायला हवा. मागचा अंदाज काढायचा तर केसेसचं रजिस्टर, प्रत्येक केसचा फ्लुरोस्कोपीचा (सलग एक्स-रे चालू असण्याचा) वेळ आणि तुम्ही कुठे उभे राहायचात, हे लागेल. मेडिकल फिजिसिस्ट (हॉस्पिटलातल्या रेडिएशनचा हिशेब बघणारा तज्ज्ञ) त्यावरून ढोबळ आकडा देऊ शकतो. चष्म्याची मागणी आता तोंडी नको. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला लेखी द्या, पोच घ्या. तोवर छताला टांगलेली शिशाची काच मध्ये ओढा आणि जमेल तेव्हा एक पाऊल मागे सरा. अंतर दुप्पट झालं की किरण चौथाईवर येतात.

धागाकर्ता: आभारी आहे. मी नेहमी टेबलाच्या उजव्या बाजूला, डॉक्टरांच्या शेजारी उभा असतो. एक्स-रेची ट्यूब माझ्या डावीकडे. ठिपकेही डाव्याच डोळ्यात आहेत. अर्जात हेही लिहितो.