मदत हवी आहे: अंथरुणाला खिळलेल्या आईचं वय वंदना कार्ड आणि केअर सेंटरचा खर्च (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आई ७६ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. मी ऐरोलीला राहते, शिफ्टची नोकरी. दादा नाशिकला. सुरुवातीला घरीच बाई ठेवून सात महिने काढले. पाठीला जखम झाली तेव्हा मात्र हात टेकले आणि घोडबंदर रोडवरच्या एका केअर सेंटरमध्ये तिला ठेवलं. महिन्याला ३२ हजार; डायपर, औषधं, फिजिओ वेगळं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ७० वर्षांवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान भारत योजनेचं ५ लाखांचं विमा संरक्षण लागू झालं (त्याचंच हे वय वंदना कार्ड), तेव्हा दादाचा फोन आला होता, "आता आईच्या खर्चाचं बघायला नको." मलाही तसंच वाटलं होतं. केअर सेंटरच्या बिलातलं निदान थोडं तरी सरकार देईल, अशी आमची समजूत. तसं काहीही नाही. ही योजना रुग्णालयात भरती झालेल्या माणसासाठी आहे. ओपीडी त्यात नाही, केअर सेंटर नाही, आयाचा पगार नाही. केअर सेंटरला काहीजण नर्सिंग होम म्हणतात, आणि आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटा दवाखाना डोळ्यापुढे येतो, म्हणून स्पष्ट लिहिते: आई आहे तिथे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन जातात, बाकी सगळं मावश्या बघतात. म्हणजे योजनेच्या लेखी ती घरीच आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला सेंटरमधून फोन आला. छातीत कफ, ऑक्सिजन ८६. सर्वांत जवळचं रुग्णालय योजनेच्या यादीत होतं, म्हणून तिथेच नेलं. काउंटरवर कळलं की त्यांच्याकडे योजनेत फक्त डोळ्यांची ऑपरेशनं आणि डायलिसिस होतं, न्यूमोनियासाठी रोख भरा. शिवाय कार्ड काढलेलं नव्हतं, ती चूक माझीच. सहा दिवसांचे १ लाख ४८ हजार झाले. त्याच सहा दिवसांत केअर सेंटरचेही पूर्ण पैसे लागले, कारण बेड राखून ठेवायचा होता. रुग्णालयात सोबत कोणीतरी हवं म्हणून १२०० रुपये रोजाची बाई ठेवली ती निराळीच. उद्या कार्डावर उपचार फुकट झाले तरी हे शेवटचे दोन खर्च माझ्याच अंगावर येणार आहेत.

खाजगी मेडिक्लेमचं विचारलं होतं. नवी पॉलिसी घ्यायला असलेली ६५ वयाची अट २०२४ मध्ये निघाली खरी, पण झटक्याचा इतिहास ऐकून दोन कंपन्यांनी नाही म्हटलं.

आता कार्डाचं. आईच्या आधारला बाबांचा मोबाइल नंबर जोडलेला होता, तो बाबा गेल्यावर बंद झाला. त्यामुळे ओटीपी येत नाही. सीएससीवाला (सरकारी ऑनलाइन सेवा केंद्रातला) मुलगा भला, मशीन घेऊन सेंटरमध्ये आला. उजवी मूठ घट्ट वळलेली असते, मावशीने एकेक बोट सोडवून ओल्या फडक्याने पुसलं. अंगठा लागेना. डावा लावला, तोही लागेना. पन्नास वर्षं भांडी घासून रेषाच राहिलेल्या नाहीत. पाच-सहा वेळा दाबल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मीच थांबवलं.

तर, अंथरुणावरच्या माणसाचं केवायसी कुणी केलंय का, आणि कसं? ठाणे-नवी मुंबईत न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग असल्या आजारांना कार्ड खरोखर चालतं का, हे आधीच कसं तपासायचं? आणि केअर सेंटरच्या खर्चाला कुठूनही काही मदत मिळते का?

कळवेकर: ताई, बोटाचा नाद सोडा. आयुष्मान ॲपमध्ये चेहऱ्यावरूनही केवायसी होतं. माझ्या सासऱ्यांचं तसंच केलं. खिडकीजवळ उजेडात बसवा, चष्मा काढा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र बदलून घ्याच. अंथरुणावरच्या माणसासाठी आधारवाले घरी येतात, आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर चौकशी करा. कार्ड झालं की जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून चालतं.

रुग्णालयाबद्दल: यादीतलं नाव पुरेसं नाही, कुठली स्पेशालिटी योजनेत आहे ते बघायचं. मी एका रविवारी तीन रुग्णालयांत जाऊन आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) थेट विचारलं, "मेडिसिनचा पेशंट आयसीयूसकट घेता का?" दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्याचं नाव कागदावर लिहून सासऱ्यांच्या पलंगाला चिकटवलंय. रात्री अँब्युलन्सवाल्याला तेवढंच दाखवायचं.

नेरूळची सून: केअर सेंटरच्या पैशांना थेट योजना मला तरी सापडली नाही, पण करात थोडं सुटतं. आई तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढा. ४० टक्के किंवा जास्त असेल तर आयकराच्या कलम ८०डीडीखाली (१९६१ च्या कायद्यातला क्रमांक) ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची. विमा नसलेल्या आईवडिलांच्या औषधोपचाराचे ५० हजारांपर्यंत ८०डीमध्ये वेगळे, फक्त रोख देऊ नका. दोन्ही जुन्या करप्रणालीतच मिळतं, त्यामुळे आधी हिशोब मांडून बघा. शिवाय उत्पन्न कमी असेल तर धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीच्या असतात. तिथल्या समाजसेवकाला भेटा.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. काल सुट्टी होती, सकाळीच गेले. मावशीने आईला खिडकीशी खुर्चीत बसवलं, केस विंचरले. ॲप पापण्या मिटायला सांगत होतं. मी म्हटलं, "आई, डोळे मीट, आता उघड." पहिल्या दोन वेळा मान कलली. तिसऱ्यांदा मावशीने मागून डोकं धरलं आणि आईने बरोबर मिटून उघडले. झालं! कार्ड डाउनलोड करून दादाला पाठवलं. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्जही भरलाय.

एक अजून राहिलं. बेड राखण्याच्या पैशांचं काय? सेंटरशी करार पुढच्या महिन्यात नव्याने व्हायचा आहे. पेशंट रुग्णालयात असताना निम्मेच पैसे, किंवा निदान जेवणाचे पैसे वजा, असं कुणी करारात लिहून घेतलं असेल तर नेमके शब्द इथे टाका. तोंडी बोलून उपयोग होत नाही, हे मला कळून चुकलंय.