अनुभव धागा: माइनक्राफ्टमधले तुमचे रॉकेट-लाँचर

ठोकळ्यांचं जग रचायच्या माइनक्राफ्ट या गेममध्ये आतषबाजी आली ती डिसेंबर २०१२ मध्ये, १.४.६ या आवृत्तीबरोबर. कागद, गनपावडर आणि वाटलं तर फायरवर्क स्टार (रंग-आकार देणारा गोळा), एवढ्यावर रॉकेट तयार. डिस्पेन्सरमध्ये (सिग्नल मिळाला की आतली वस्तू सोडणारी पेटी) भरा, बटण दाबा, गेलं वर. इथपर्यंत बहुतेक सगळेच पोचतात. हा धागा त्यापुढे गेलेल्यांसाठी काढला आहे. ज्यांनी रांगा लावल्या, घड्याळं जोडली, रॉकेट कुठे आणि कधी फुटावं यासाठी डोकं शिणवलं, त्यांनी लिहा. काय रचलं, गेमचा कुठला प्रकार, जावा की बेडरॉक, आणि ते का चाललं, हे जरूर सांगा. 'का' सांगितलंत तर दुसऱ्याला त्यावरून स्वतःचं काही रचता येतं.

तटबंदी

धागा मी काढला, तर सुरुवातही मीच करतो. मला आकाशात सरळ रेषा हवी होती. किल्ल्याच्या तटावर डिस्पेन्सरची रांग, सगळ्यांना एकाच टिकला सिग्नल, आणि वर एका उंचीवर लाल तोरण. रॉकेटं एकदम निघायची, पण फुटताना वरखाली. वायरिंग पुन्हा पुन्हा तपासलं. ते बरोबर होतं.

कारण रॉकेटच्या आयुष्यात दडलेलं आहे. गेम सेकंदाला २० टिक चालतो. रॉकेट किती टिक जगणार हे ते निघतानाच ठरतं. गनपावडरच्या संख्येत एक मिळवायचा, दहाने गुणायचं, आणि वर गेम दोन आकडे नशिबावर टाकतो, एक ० ते ५ मधला, दुसरा ० ते ६ मधला. म्हणजे एका गनपावडरचं रॉकेट २० ते ३१ टिक जगतं आणि तीनचं ४० ते ५१. फरक दोन्हीकडे सारखाच, अकरा टिक, जेमतेम अर्धा सेकंद. पण तेवढ्या वेळातही रॉकेट काही ब्लॉक वरखाली होतं. शिवाय जास्त जगणारं रॉकेट जास्त भरकटतं.

यावरून माझं सूत्र असं ठरलं की गनपावडर एकच घालायची आणि उंची मचाणाने द्यायची. डिस्पेन्सर तीस ब्लॉक उंच मनोऱ्यांवर नेले, मनोरे काळ्या काँक्रीटचे केले म्हणजे रात्री दिसत नाहीत. तोरण अजूनही पट्टीने आखल्यासारखं सरळ येत नाही, पण खालून बघणाऱ्याला ते तोरणच वाटतं. दोन आकड्यांची बेरीज असल्यामुळे बहुतेक रॉकेटं मधल्या पट्ट्यात फुटतात, आणि रांग जितकी लांब तितकी ती जास्त भरीव दिसते. रॉकेटचा हा लहरीपणा मला आता आवडतो. तो काढून टाकण्यापेक्षा त्याला जागा देऊन रचना करणं जास्त आनंदाचं आहे.

ताशा_पुणे

मी पथकात ताशा वाजवतो, त्यामुळे मला रांगेपेक्षा ठोका महत्त्वाचा. नोट ब्लॉकच्या (सिग्नलवर वाजणारा ठोकळा) खाली दगड ठेवला तर ढोलासारखा घुमारा येतो आणि वाळू ठेवली तर ताशासारखा कडक आवाज. दोन्ही आयतेच मिळाले. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद, म्हणजे रेडस्टोनचे (गेममधली सिग्नलची तार) पाच टिक; रेडस्टोनचा एक टिक म्हणजे गेमचे दोन. सिग्नल उशिराने पुढे देणारा एक रिपीटर चारपर्यंतच थांबतो, म्हणून चार अधिक एक अशी जोडी लावत गेलो.

अडचण रॉकेटांची. तटबंदी यांनी लिहिलंय तसा अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर नुसती चित्रं बघणाऱ्याला चालेल, ठोक्याला अजिबात चालत नाही. सम चुकल्यासारखं कानाला टोचतं. म्हणून मी ठोक्यावर फुटणं सोडलं आणि ठोक्यावर सुटणं धरलं. रॉकेट सुटतानाचा 'सुर्र' आवाज अगदी टिकवर येतो. फुटणं मागून येतं, ते भरण्याचं काम करतं. ज्यांना फुटणंच समेवर हवं असेल त्यांनी क्रिएटिव्हमध्ये (सगळं सामान आयतं मिळतं तो प्रकार) आज्ञा चालवणारा कमांड ब्लॉक वापरावा. समन कमांडमध्ये रॉकेटला लाइफटाइमचा आकडा दिला की नशिबाचा भाग उरतच नाही, दिलेल्या टिकला फुटतं.

आणखी एक गोष्ट, जी मला कळायला बराच वेळ लागला. जावात आतषबाजीचा आवाज अंतराप्रमाणे उशिरा पोचतो, सेकंदाला ४० ब्लॉक या वेगाने. जवळच्या आणि लांबच्या स्फोटाचा आवाजही वेगळा आहे, लांबचा दबका. नोट ब्लॉकला मात्र असा उशीर नाही, आणि तो ४८ ब्लॉकांपलीकडे ऐकूच येत नाही. तेव्हा बघणारे कुठे उभे राहणार ते आधी ठरवा, तिथे चौथरा बांधा, आणि सगळी लय त्या चौथऱ्यावरून कानाने जुळवा. यंत्राशेजारी उभं राहून जुळवलेली लय चौथऱ्यावर फसते.

नीलकंठी

प्रश्न आहे. एकाच डिस्पेन्सरमध्ये हिरवी, निळी, सोनेरी अशी क्रमाने भरली तरी क्रमाने का निघत नाहीत?

तटबंदी

डिस्पेन्सर भरलेल्या खणांतून कुठलाही एक उचलतो, क्रम पाळत नाही. क्रम हवा तर एका डिस्पेन्सरला एकच रंग, आणि क्रम रिपीटरने द्यायचा. आणि ड्रॉपर नाही ना लावला? तो दिसतो जवळजवळ तसाच, पण रॉकेट नुसतं बाहेर टाकतो.

सांगलीची_आजी

मी खेळत नाही, पण आमच्या घरात जे बनलं त्यात माझा वाटा आहे म्हणून लिहिते. नातू टोरांटोला. मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्याने त्याच्या जगातली रॉकेटं दाखवली. छान होती, पण सगळी वरच. मी म्हटलं, "अरे, भुईनळा कुठाय? दिवाळी काय नुसत्या बाणांची असते?" त्याला भुईनळा ठाऊकच नव्हता. मग मी सांगितलं, जमिनीवर असतो, आधी नुसती ठिणगी, मग हळूहळू झाड वाढतं, कमरेच्या वर जातं, आणि शेवटी बसत येतं.

पोरगं कामालाच लागलं. त्याच्याकडून समजलं ते असं: स्टार करताना त्यात पक्ष्याचं पीस घातलं की ठिणग्या गोल न पसरता वर आणि एका अंगाला उडतात. लाइफटाइम एक-दोन टिक ठेवला की रॉकेट जमिनीलगतच फुटतं. मग अशी एकामागून एक सोडायची, सुरुवातीला थांबून थांबून, मध्ये दाट, शेवटी पुन्हा विरळ. रंग पिवळा, नारिंगी आणि पांढरा मिळून. ग्लोस्टोन घातल्याने ते तडतडतं, हिऱ्याने मागे रेघ राहते. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा झाड एकदम उभं राहिलं. मी म्हटलं, "बाळा, वाढू दे की जरा." त्याने मधली अंतरं बदलून परत केलं, आणि ते अगदी भुईनळ्यासारखं उमललं. आमच्याकडे आता म्हाताऱ्या कुत्रीमुळे फटाके उडवत नाही. हा भुईनळा ती शेजारी झोपलेली असताना मी फोनवर बघते.

पुढची फर्माईश भुईचक्राची आहे.

गाडीवान

आजी, भुईनळ्याची कल्पना फार सुंदर. अंतरं बदलून वाढ दाखवायची हे मला सुचलं नसतं.

माझा प्रयोग रिपीटरशिवायचा. रुळांवरून धावणारी माइनकार्ट हेच घड्याळ. एक डिटेक्टर रूळ, एक पॉवर्ड रूळ, पुन्हा डिटेक्टर, अशी सरळ वाट टाकली. प्रत्येक डिटेक्टर रुळाच्या दोन्ही बाजूंना डिस्पेन्सर. गाडी डिटेक्टरवर आली की दोन कामं होतात: बाजूची रॉकेटं सुटतात आणि पुढचा पॉवर्ड रूळ चालू होतो. गाडी आपली वाट आपणच पेटवत जाते, बाहेरून काही जोडावं लागत नाही. गाडीचा कमाल वेग सेकंदाला ८ ब्लॉक, त्यामुळे दर पाव सेकंदाला एक जोडी सुटते.

गंमत आत बसून बघण्यात आहे, आणि बसल्यावर मागे तोंड करायचं. रॉकेट फुटायला सेकंदभर तरी लागतो, तोवर गाडी आठ-दहा ब्लॉक पुढे गेलेली असते. म्हणजे आपण पळतोय आणि फुलांची भिंत मागून येतेय. पुढे बघत बसलात तर फक्त काळोख. एक सूचना: डिटेक्टर रूळ गाडी गेल्यावरही क्षणभर चालू राहतो, म्हणून पाठोपाठ दुसरी गाडी सोडू नका, तिला डिस्पेन्सर दाद देत नाहीत.

कोल्हापुरी_क्रीपर

दहावीत आहे, टॅबवर बेडरॉक खेळतो. बेडरॉकला सगळे नावं ठेवतात, पण एक गोष्ट इथंच होते: पिस्टन डिस्पेन्सरला ढकलतो. जावात ढकलत नाही. म्हणून माझा लाँचर उडतो.

स्लाइम ब्लॉक, पिस्टन, स्टिकी पिस्टन आणि ऑब्झर्व्हरचं नेहमीचं उडतं यंत्र. त्याच्या स्लाइमला डिस्पेन्सर चिकटवला आणि डिस्पेन्सरच्या पाठीला आणखी एक ऑब्झर्व्हर. ऑब्झर्व्हर जागचा हलला की पल्स देतो. यंत्र एक पाऊल पुढं सरकलं की एक रॉकेट. पिस्टन एका वेळी १२ च ब्लॉक ढकलतो, त्यामुळं वजनाचा हिशोब लई बारीक ठेवावा लागतो. स्लाइम शेजारच्या कशालाही चिकटून ओढतो, तेही मोजायला पाहिजे. दुसरा डिस्पेन्सर लावायचा तर मध ब्लॉक वापरा. मध आणि स्लाइम एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळं दोन भाग वेगळे ठेवता येतात. आमच्या गल्लीतल्या पोरांच्या जगात तळ्यावरून ते यंत्र जातं आणि खाली पाण्याच्या काठाला सगळे उभे असतात.

बारुदखाना

सर्व्हायव्हलवाल्यांची, म्हणजे सामान स्वतः मिळवून खेळणाऱ्यांची बाजू मांडतो. वरची सगळी यंत्रं सुंदर, पण ती खातात किती! एका डिस्पेन्सरमध्ये नऊ खण, प्रत्येकात ६४, म्हणजे ५७६ रॉकेटं, आणि अशी रांगच्या रांग भरायची. क्रीपर (जवळ येऊन फुटणारा हिरवा शत्रू) मरताना शून्य ते दोन गनपावडर देतो. तेव्हा पहिलं बांधकाम लाँचरचं नाही, क्रीपर फार्मचं. मांजरांना क्रीपर घाबरतात, त्यांना पळवत खड्ड्याकडे न्यायला मांजर बसवणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. उसाची लागवड कागदासाठी.

२०२४ मध्ये १.२१ बरोबर क्राफ्टर आला आणि माझा खेळ बदलला. आता रॉकेटं यंत्रच वळतं, एका वेळी तीन. पण क्राफ्टरला नुसते हॉपर (वस्तू पुढे सरकवणारी चाडी) जोडले तर फसतं. कागद आधी आला तर तो दुसऱ्या रिकाम्या खणातही जाऊन बसतो आणि गनपावडरला जागाच उरत नाही. मी दोन खण उघडे ठेवून बाकीचे बंद केले, आणि हॉपरऐवजी दोन ड्रॉपर लावले. एका पल्सला एक कागद, पुढच्या पल्सला एक गनपावडर, तिसऱ्या पल्सला क्राफ्टर. तीन पल्सचा फेरा हॉपर घड्याळावर फिरत राहतो. स्टार घालायचा असेल तर तिसरा खण, तिसरा ड्रॉपर आणि चौथा पल्स. मी झोपायला जातो तेव्हा पेट्या भरत असतात.

नीलकंठी

क्रीपरच्या तोंडाचा आकार हवा असेल तर क्रीपरचंच डोकं लागतं का?

बारुदखाना

नाही, कुठलंही डोकं चालतं. विदर सांगाड्याची कवटी मिळवणं त्यातल्या त्यात सोपं. चांदणीच्या आकाराला सोन्याचा नगेट, मोठ्या गोळ्याला फायर चार्ज.

पहाटवारा_फोंडा

आमच्या सर्व्हरवर नरकचतुर्दशीला पहाटेची रॉकेटं ठेवतो. बटण कोणी दाबायचं नाही, सूर्यानेच दाबायचं. डेलाइट सेन्सर उजाडताना हळूहळू सिग्नल वाढवत जातो, शून्यापासून १५ पर्यंत. त्यापुढे रेडस्टोनची सरळ तार ओढली. सिग्नल जितका तगडा तितका तो तारेवर लांब जातो, एका ब्लॉकला एक. तारेच्या थेट खाली डिस्पेन्सर लावले की पहिला अगदी झुंजुमुंजू होताना सुटतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि ऊन वर येईल तशी आतषबाजी तारेच्या दुसऱ्या टोकाकडे सरकते. एकही रिपीटर नाही, वेळ सगळी सूर्याची. संध्याकाळी सिग्नल उतरतो तेव्हा काही सुटत नाही, कारण डिस्पेन्सर सिग्नल आल्यावरच चालतो, गेल्यावर नाही.

पाऊस असेल तर सेन्सरचा आकडा कमी राहतो आणि तारेच्या टोकाचे डिस्पेन्सर गप्प बसतात. त्यासाठी आदल्या रात्री सर्व्हरचं हवामान कमांडने स्वच्छ करून ठेवतो.