उपचाराचा खर्च : योजना पुरे की हक्काचा कायदाच हवा?

कृष्णाकाठचा

मंडळी, घरात वाद पेटलाय, जरा मतं द्या. मामांची नुकतीच अँजिओप्लास्टी झाली, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत, बसवली. मामांचं रेशनकार्ड पांढरं. आधी पांढऱ्या कार्डाला योजनेत कुणी उभं करत नव्हतं पण १ जुलै २०२४ पासनं सगळ्या कार्डांना लागू झाली, कव्हर पण दीड लाखाचं पाच लाख झालं, त्यामुळे स्टेंटला (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ती बारीक नळी) रुपया लागला नाही हे कबूल करतो. पण मंजुरी येईपर्यंत केलेल्या तपासण्यांचे पैसे रोख घेतले, नंतर "हे योजनेत येत नाही, बाहेरनं आणा" म्हणून नर्स चिठ्ठ्या देत राहिली, आणि आता घरी आल्यावर रक्त पातळ करायची गोळी, बीपीची, साखरेची, कोलेस्टेरॉलची असं महिन्याच्या महिन्याला मेडिकलवाल्याकडं जातंय ते कोण देणार? मामा रिटायर, पेन्शन नाही.

मामेभाऊ हिंजवडीत आयटीत आहे. त्याचं म्हणणं सरकारनं यात पडूच नये, ज्यानं त्यानं मेडिक्लेम काढावा, सरकारनं हात लावला की वाटोळं. मी म्हणतो राजस्थाननं २०२३ ला आरोग्याच्या हक्काचा कायदा केला तसा आपल्याकडं पण करा, म्हणजे "योजनेत बसत नाही" हे वाक्यच बंद होईल. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता_नागपूर

तुमच्या मामेभावाशी सहमत. फुकट फुकट करून राज्य डब्यात चाललंय. कर आम्ही भरायचा, योजना दुसऱ्यांनी वापरायच्या. सप्टेंबर २०२५ पासनं वैयक्तिक हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी पण काढला, आता तरी लोकांनी स्वतःची पॉलिसी घ्यावी की.

वर्षाताई

@स्पष्टवक्ता, पासष्टीच्या, शुगर असलेल्या माणसाला हप्ता किती सांगतात ते एकदा एजंटला फोन करून विचारा, मग बोलू. आणि पॉलिसी मिळाली तरी आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

@कृष्णाकाठचा, आधी तुमचं काम. योजनेतल्या हॉस्पिटलनं योजनेतल्या पेशंटकडनं तपासणीचे किंवा औषधांचे पैसे घ्यायचे नसतात, पॅकेजमध्येच, म्हणजे त्या उपचाराला ठरवून दिलेल्या एकरकमी रकमेतच, धरलेले असतात. बिलं जपून ठेवलीत ना? "पक्कं बिल नाही मिळणार" म्हणाले असतील तर मेडिकलची पावती, पेमेंटचा स्क्रीनशॉट, काहीही चालेल. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, फोन करून तक्रार नोंदवा, नंबर घ्या आणि त्याच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडं (योजनेच्या पेशंटना मदत करायला बसवलेला माणूस) लेखी पण द्या. तोंडी दिलेली तक्रार म्हणजे दिलीच नाही असं समजा. मी ज्या ज्या लोकांबरोबर गेलेय त्यातल्या बऱ्याच जणांना लेखी अर्ज टेबलावर ठेवल्यावर पैसे परत मिळालेत, तेही "गैरसमज झाला होता" असं म्हणत.

आता वादाचं. मला विचाराल तर योजना आणि कायदा यात फरक हाच की योजना मंत्रिमंडळाच्या निर्णयानं येते आणि पुढच्या निर्णयानं बदलते. आठवा, २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ ला नाव बदलून महात्मा फुले झाली, मग केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर जोडली. नाव बदललं, यादी बदलली, पण "मला उपचार नाकारला, आता दाद कुठं मागू" याचं उत्तर फोन नंबरच्या पलीकडं गेलं नाही. रोजगार हमी बघा. ७२ च्या दुष्काळातली कामं, पण १९७७ ला कायदा झाला आणि काम मागणं हा हक्क झाला. तलाठ्याला "आज काम नाही" म्हणून वाटेला लावता येईना.

डॉ_बाराखाटा

नावावरनं कळेलच, तालुक्याला बारा खाटांचं नर्सिंग होम चालवतो. वर्षाताई, सगळं पटतंय पण राजस्थानचं उदाहरण देताना पूर्ण द्या. २१ मार्च २०२३ ला बिल पास झालं, त्यात इमर्जन्सीत पेशंट आला की पैसे न मागता उपचार द्यायचे आणि पेशंटनं नाही दिले तर सरकार भरेल असं लिहिलं. कधी भरेल, कुठल्या दरानं भरेल, इमर्जन्सी म्हणजे नेमकं काय, साप चावला, अपघात झाला इथंपर्यंत ठीक पण छातीत जळजळ होतेय ती पण का, याचं सगळं "नियमात सांगू". डॉक्टर रस्त्यावर उतरले, दोनेक आठवडे खासगी दवाखाने बंद, आणि ४ एप्रिलला तडजोड झाली की पन्नास खाटांच्या आतल्या आणि सरकारकडनं जमीन-सवलत न घेतलेल्या खासगी हॉस्पिटलांना कायदा लागू नाही. म्हणजे हक्क आला आणि गावाजवळचा दवाखाना त्यातनं बाहेर गेला. आता मला सांगा, मध्यरात्री माणूस पन्नास खाटांचं हॉस्पिटल शोधत कुठं जाणार?

मी स्वतः योजनेत नाही. आधी नाव द्यायचा विचार केला होता. माझ्या ओळखीच्या एका सर्जननं घेतली, हर्नियाच्या पॅकेजमध्ये भूल देणाऱ्याची फी, ओटी, जाळी, औषधं, दोन वेळचं जेवण सगळं धरायचं, आणि पैसे येणार क्लेम पास झाल्यावर. त्यात एक फोटो धूसर आला म्हणून क्लेम परत, पेशंट कधीच घरी गेलेला, नवीन फोटो कुठनं काढायचा? नर्सचा पगार मात्र सात तारखेला द्यावाच लागतो. मोठी हॉस्पिटलं दुसरीकडनं भरून काढतात, आम्ही काढू शकत नाही, आणि मग कुणीतरी पेशंटला चिठ्ठी देतो "बाहेरनं आणा". चुकीचंच आहे, समर्थन करत नाही, पण कुठनं सुरू होतं ते सांगतोय.

सरकारनं दर ठरवूच नयेत असं पण मी म्हणत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतीला कॅप लावली, औषधाचा लेप असलेला २९,६०० वर आणला, त्याच्या आधी लाखाच्या वर लावत होते. कोविडमध्ये मे २०२० ला आपल्या सरकारनं वॉर्डला ४,०००, आयसीयूला ७,५०० आणि व्हेंटिलेटरला ९,००० रोजचे ठरवले आणि ८० टक्के खाटा त्या दराला घेतल्या. आम्ही कुरकुरलो, पण चाललं ना. म्हणजे मनात आणलं तर दर ठरतात. फक्त खर्च मोजून ठरवा आणि पैसे वेळेत द्या.

ठाणेकर_सध्या_लीड्स

इकडचं थोडं सांगते, कारण कुणीतरी "इंग्लंडमध्ये सगळं फुकट" म्हणेलच. फुकट नाही, टॅक्समधनं जातं. शिवाय आमच्यासारख्या व्हिसावाल्यांना वर्षाला १,०३५ पाउंड आरोग्य सरचार्ज व्हिसाच्या वेळीच भरावा लागतो, पाच वर्षांचा व्हिसा तर पाच वर्षांचा एकदम, आणि वर पगारातनं नॅशनल इन्शुरन्स वेगळा कापतातच. इंग्लंडात औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधाला ९.९० पाउंड, स्कॉटलंड-वेल्समध्ये तेही नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनला लोक महिनोन्महिने थांबतात, दातांचं तर विचारूच नका, माझी रूममेट रूट कॅनल पुण्यात करून आली. पण एक आहे, माझ्या शेजारच्या आजोबांना हार्ट अटॅक आला तेव्हा ॲम्ब्युलन्समधल्या पोरानं कार्ड, आधार, डिपॉझिट यातलं काहीच विचारलं नाही. आणि मामांच्या ज्या गोळ्या आहेत ना, त्या साठीच्या पुढच्या माणसाला इथं फ्री.

स्पष्टवक्ता_नागपूर

तिथली लोकसंख्या किती, इथली किती? उगाच तुलना.

वर्षाताई

लोकसंख्येचं कारण तमिळनाडूनं सांगितलं नाही. १९९५ पासनं तिथलं महामंडळ सरकारी दवाखान्यांसाठी जेनेरिक औषधं एकगठ्ठा विकत घेतंय, गोडाऊनचा साठा कॉम्प्युटरवर, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, त्यातनं तो औषधं उचलतो. आपल्याकडं आधी आरोग्य खातं औषधं घेत होतं, मग २०१७ ला ते काम हाफकिन या सरकारी कंपनीकडं दिलं, मग २०२३ ला कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं, आणि रुग्णालयात जावं तर खिडकीवर पोरगं म्हणतं "ही गोळी आत्ता नाही, बाहेरनं घ्या".

आणि कर आम्हीच भरतो म्हणता तर ऐका. तुमच्या पगारातनं जो व्यवसाय कर जातो ना, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, तो १९७५ ला सुरूच झाला रोजगार हमीला पैसा लागणार म्हणून. म्हणजे पगारदारानं खेड्यातल्या मजुरासाठी वेगळा कर द्यायचा हे या राज्यानं पन्नास वर्षांपूर्वी ठरवलं आणि त्यानं राज्य बुडालं नाही. आरोग्यासाठी असं काही मागितलं तर मी देईन. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के करू म्हणून लिहिलंय, २०२१-२२ मध्ये, तेही कोविडच्या वर्षात, १.८४ होता.

@डॉक्टर, तुमचा मुद्दा मान्य, छोट्या दवाखान्यावर ओझं टाकून हक्क देता येत नाही. पण मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलांचं काय? त्यांना जमीन, करमाफी सगळं मिळालंय. सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातलं कलम ४१एए १९८५ पासनं आहे, २००६ ला हायकोर्टानं योजना घालून दिली : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम त्यासाठी वेगळ्या फंडात टाकायची आणि इमर्जन्सीत आलेल्याला आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट नाही. कायदा आहे, कोर्टाचा आदेश आहे, तरी गेटवरच्या काउंटरला विचारा "इथं धर्मादाय खाटा किती रिकाम्या आहेत", चेहरे बघा. मी विचारते तेव्हा हमखास "सोशल वर्करना भेटा", आणि सोशल वर्कर जेवायला गेलेल्या असतात.

डॉ_बाराखाटा

बरोबर, म्हणूनच म्हणतो नुसता कायदा करून काय होतं. २०२१ ला नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली, रुग्णहक्काची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावायचं. मी लावलंय, रिसेप्शनच्या मागं. तपासायला कुणी आलं नाही अजून. तक्रार ऐकणारा माणूस, तपासणारा माणूस, हे पद भरा आधी.

आणि खरा इलाज सांगू का, सरकारी दवाखाने. १५ ऑगस्ट २०२३ पासनं आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासनं सगळं मोफत केलं. उत्तम. पण मेडिकल कॉलेजची आणि महापालिकेची हॉस्पिटलं त्यात नाहीत, आणि बऱ्याच जिल्ह्यांत सिव्हिल मेडिकल कॉलेजला जोडलंय. पेशंटला हे खातं कुठलं, ते खातं कुठलं काय कळणार! माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायका ग्रामीण रुग्णालयातनं "गायनॅक नाही" म्हणून आलेल्या असतात. तिथं गायनॅक आणि भूलतज्ज्ञ बसवा, माझा धंदा कमी झाला तरी चालेल (बायको हे वाचणार नाही अशी आशा).

कृष्णाकाठचा

भारी माहिती मिळाली, धन्यवाद सगळ्यांना. बिलं काढून ठेवलीत, उद्या फोन लावतो. मामेभावाला लिंक पाठवली, तो म्हणतो "डॉक्टर पण दर ठरवा म्हणतोय म्हणजे हद्द झाली".

एक राहिलं, घरच्या गोळ्यांचं. योजनेत डिस्चार्जनंतरची औषधं दहा दिवसांचीच मिळाली, त्यापुढं काही आहे का?

वर्षाताई

योजनेत नाही. योजना म्हणजे भरती झालेल्याचा खर्च, ओपीडी आणि रोजची गोळी त्यात धरलेलीच नाही, आणि माणूस हळूहळू कंगाल होतो तो त्याच खर्चानं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या मिळतात, मामांचं नाव तिथल्या रजिस्टरला घाला, एनसीडीचा (बीपी-शुगरसारख्या, संसर्गानं न पसरणाऱ्या आजारांचा) कार्यक्रम आहे त्यात. बाकीच्या दोन जनऔषधीत विचारा, चिठ्ठीवर डॉक्टरांकडनं कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बदलू किंवा बंद करू नका, स्टेंट नवीन आहे.

डॉ_बाराखाटा

+१. आणि केंद्रात मंगळवारी-बुधवारी जाऊ नका, लसीकरण असतं बऱ्याच ठिकाणी, डॉक्टर सापडणार नाही. आधी आशाताईंना विचारून जा.