हिस्लॉप कॉलेजवाला हिस्लॉप कोण होता? घरदाराची माहिती पाहिजे

बोरीवाला_शेतकरी
नमस्कार मंडळी, माझं गाव बुटीबोरीच्या जवळ, टाकळघाट तिथून काही फार लांब नाही. आमच्या भागात शिवारात दगडांची गोलं आहेत, शेत वाहताना लोक ती वळसा घालून सोडतात. गावातले म्हातारे सांगायचे की एक गोरा पाद्री हे दगड पाह्यला आला अन् इथंच नाल्यात वाहून गेला. आता पोरीची ॲडमिशन नागपूरले हिस्लॉप कॉलेजात झाली तं ती मले विचारते, बाबा, हा हिस्लॉप म्हणजे तोच पाद्री काय? मले नीट सांगता येत नाही. तो कुठचा, मायबाप कोण, बायको-लेकरं होती का, इथं कायले आला, ज्याले माहीत असंल त्यानं सांगा भाऊ.

जुनं_नागपूर
हो भाऊ, तोच. स्टीफन हिस्लॉप. जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. बाप गवंडी होता, त्याचंही नाव स्टीफनच, आणि तो त्यांच्या मंडळीत एल्डर होता. प्रेस्बिटेरियन लोकांत बिशप नसतो, मंडळीतून निवडलेले असे एल्डर आणि पाळक मिळून कारभार पाहतात, त्यामुळे गवंड्याच्या घरातही चर्चच्या कारभाराच्या गोष्टी रोजच्याच असणार. त्याच घरातून दोन पाळक निघाले. थोरला अलेक्झांडर दहा वर्षांनी मोठा, आधी शाळामास्तर, मग आर्ब्रोथ गावात पाळक झाला, आणि रोमन कॅथलिक पंथावर टीका करणारं त्याचं जाडजूड पुस्तक अजूनही छापलं जातं. धाकटा आपल्याकडे आला.

आता इथं कसा आला ते. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावचा पाळक कोण हे जमीनदारानं ठरवायचं की मंडळीनं, यावरून साडेचारशेच्या वर पाळक राहती घरं आणि पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. मुंबईचे जॉन विल्सन, ज्यांच्या नावानं विल्सन कॉलेज आहे, तेही त्यांच्यासोबत गेले. त्या नव्या फ्री चर्चनं नागपुरात मिशन काढायचं ठरवलं तेव्हा हिस्लॉपला पाठवलं. लग्न नुकतंच झालेलं, बायकोचं नाव इरॅस्मा. १८४४ च्या डिसेंबरात दोघं मुंबईला उतरले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात आले. तेव्हा इथं भोसल्यांचं राज्य होतं, ते १८५४ ला खालसा झालं. म्हणजे हा माणूस राजाच्या नागपुरात आला आणि कंपनीच्या नागपुरात राहिला, हे पोरीला मुद्दाम सांगा. कॉलेज मात्र त्यानं काढलेलं नाही, ते १८८३ चं, त्याच्या मरणानंतर वीस वर्षांनी त्याचं नाव दिलं.

सडेतोड_अमरावती
माहिती चांगली आहे पण एवढं कौतुक कशाला, धर्मांतर करायलाच आला होता ना तो.

जुनं_नागपूर
त्यासाठीच आला होता, ते कोणी लपवत नाही आणि लपवूही नये. शाळा काढल्या त्याही त्याच हेतूनं. पण त्याच शाळांत आपल्या भागातली पोरं शिकली हेही खरं, आणि त्यानं दगड, झाडं, भाषा यांच्या ज्या नोंदी केल्या त्या आज आपल्याच कामाच्या आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय माणूस कळत नाही.

कोयतूर_सालेकसा
मी गोंड आहे, म्हणून माझ्याकडून एक गोष्ट लिहितोच. हिस्लॉपनं आमच्या लोकांकडून लिंगोचं, म्हणजे आमचा धर्म घालून देणाऱ्या पूर्वजाचं, गाणं ऐकून गोंडीत उतरवून घेतलं, रोमन लिपीत आणि सोबत इंग्रजी अर्थ. तो गेल्यावर ते सगळे कागद मध्य प्रांताचा चीफ कमिशनर, म्हणजे इंग्रजांचा इथला सर्वात मोठा अधिकारी, रिचर्ड टेंपलनं १८६६ साली छापले. त्या गाण्यात काचीकोपा लोहागड ही जागा येते, आणि आमचे लोक ती सालेकसाजवळचं कचारगडच मानतात, जिथं माघ पौर्णिमेला आमची एवढी मोठी जत्रा भरते. परधान, म्हणजे आमचे परंपरेनं गाणारे लोक, हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी गात आलेत, कागदाची गरज त्यांना कधी पडली नाही, हे मी ठासून सांगतो. पण दीडशेच्या वर वर्षांपूर्वी आमचे लोक कसं गात होते, शब्द काय होते, हे आज ताडून पाहायला ते पान हाताशी आहे, आणि ते वाचताना मला फार भरून येतं, कारण गाणाऱ्यांचा आवाज त्यात आहे. गाणं आमचं आहे, त्यानं फक्त लिहून घेतलं, पण काळजीनं लिहून घेतलं.

खडकवेडा_चंद्रपूर
बाकी लोक पाद्री म्हणून ओळखतात, आम्ही भूविज्ञानवाले वेगळं ओळखतो. रॉबर्ट हंटर नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्यासोबत त्यानं नागपूरच्या आजूबाजूचे खडक पायाखाली घातले, टाकळीच्या काळ्या खडकांच्या थरांमधले जीवाश्म गोळा केले, लंडनला पाठवले. मांगलीला सापडलेली एका बेडकासारख्या उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेननं १८५५ ला ब्रॅकिऑप्स नावानं नोंदवली, आणि हा प्राणी डायनासोरांच्याही आधीचा किंवा अगदी सुरुवातीच्या काळातला. हिस्लोपाइट असं एका हिरव्या कॅल्साइटला त्याचं नावही दिलेलं आहे. रविवारी उपदेश, आठवडाभर शाळा आणि त्यातून वेळ काढून हे, बरं तेव्हा ना गाडी ना धड रस्ता.

जुनं_नागपूर
शेवटचं राहिलं ते सांगतो. ४ सप्टेंबर १८६३. टेंपलसोबत तो तुमच्याच टाकळघाटला दगडांच्या वर्तुळांचं खोदकाम पाहायला गेला होता. परतताना उशीर झाला, वरच्या पावसानं नाला फुगलेला, तो ओलांडताना बुडाला. वय पंचेचाळीस, चारच दिवसांनी सेहेचाळीसावं पूर्ण झालं असतं. मागं इरॅस्मा आणि लेकरं. अठरा वर्षांपूर्वी जिच्यासोबत इथं आला तिच्यावर सगळं येऊन पडलं, आणि तिच्याबद्दल लोक फार कमी लिहितात याचं मला वाईट वाटतं. दीड वर्षात तिकडे आर्ब्रोथला थोरला भाऊही गेला.

बोरीवाला_शेतकरी
लय उपकार झाले सगळ्यांचे. म्हाताऱ्यांचं खरं होतं म्हणजे. त्या गोलांखाली काय निघालं मग?

खडकवेडा_चंद्रपूर
लोखंडी हत्यारं, मडकी, पुरलेल्या माणसांच्या खुणा. ती लोहयुगातल्या लोकांची थडगी आहेत, म्हणजे अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनी. टाकळघाट-खापा इथं नागपूर विद्यापीठानं १९६८-६९ ला पद्धतशीर उत्खनन केलं. तुमच्या शिवारातली गोलं शाबूत असतील तर तशीच राहू द्या, जेसीबी लावू नका कोणी म्हटलं तरी, आणि पोरीला सोबत घेऊन एकदा फोटो काढून ठेवा.