सोलरच्या बॅटरीला ‘एआय’ खरंच लागतं का?

कूलरवाला, मानेवाडा
नमस्कार मंडळी. गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर आहे, नेट मीटरसह. मार्चात दिवसाला 14 युनिट यायचे, मे लागला अन् 12 वर आले. ऊन 46 अंशांचं अन् युनिट कमी, काहून? त्यात काल विक्रेता येऊन गेला. म्हणे हायब्रिड इन्व्हर्टर अन् 5 युनिटची लिथियम बॅटरी घ्या, पावणेदोन लाख. कधी भरायची, कधी वापरायची ते एआय ठरवेल. रात्री आमचे दोन कूलर चालतात, बस. घ्यावं का? बायको म्हणते, त्यापेक्षा एसी घ्या.

निवृत्त ऑपरेटर
भाऊ, पॅनलला उजेड पाहिजे, ताप नको. पॅनल 65 अंशांवर गेलं की 25 च्या वरच्या दर अंशामागे साधारण 0.4 टक्के उत्पादन घटतं. झाले ना 16 टक्के? वरून धूळ. पाणी सकाळीच मारा, तापल्या काचेवर नको.

एआय कामाचं आहे, पण लोड डिस्पॅचला, म्हणजे राज्यभरच्या विजेचा मेळ घालतात त्या केंद्रात. तिथं दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 ब्लॉक असतात. प्रत्येकात किती वीज येईल अन् किती लागेल याचा अंदाज आधी बांधायचा, लाइनीची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झला धरून ठेवायची. आपलं मेमधलं वादळ आठवा. पाच वाजता आभाळ भरलं की सोलर खाली, अन् गार वारा सुटला की गावभरचे कूलरही बंद! कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राचा 660 मेगावॅटचा संच काही पंख्यासारखा बटणावर उतरत नाही. एआय उपग्रहाच्या फोटोतले ढग अन् जुने आकडे पाहून तासभर आधी सांगतं, मग संच हळूहळू उतरवता येतो, घाटघरच्या जलविद्युत केंद्रात उरलेल्या विजेवर पंप लावून पाणी वरच्या धरणात चढवता येतं. आम्ही हे खिडकीतून आभाळ पाहून करायचो. हसू नका, बरेचदा जमायचं.

वर्धा रोडची ताई
आमच्याकडे अशीच बॅटरी आहे. एआय म्हणजे ॲपमधला टायमर निघाला, दिवसा भर अन् सातनंतर वापर. नेट मीटर असल्यावर दिवसाचं युनिट लाइनीत देऊन रात्री परत घेताच ना, मग बिल कशानं कमी होणार? फायदा एकच. लाइन गेली की तुमचं सोलर भर दुपारीही बंद पडतं, आमचं चालतं. घेतलीच तर टिनाखाली ठेवू नका. आमची तापून आपोआप बंद व्हायची, शेवटी जिन्याखाली आणली.

कूलरवाला, मानेवाडा
आमची लाइन महिन्यातून दोनदा जाते, तीही अर्धा तास. बायकोला सगळं वाचून दाखवलं, ती आता एसीचे भाव पाहून राहिली. ऑपरेटर काका, एक टनाचा रात्रभर चालला तर हे 12 युनिट पुरतील का जी?