एअर इंडियाचं झरोकेवालं ७४७, १/१४४: खिडक्या बुजवू की ठेवू?

कागदी_विमान
रेव्हेल कंपनीचं बोइंग ७४७-२०० चं प्लॅस्टिक मॉडेल किट, १/१४४ मापाचं (खऱ्याच्या १४४ वा भाग), हाताशी आहे, धडाचे दोन अर्धे अजून चिकटवलेले नाहीत. सत्तरच्या दशकातला एअर इंडियाचा रंग करायचाय: वर पांढरा, खाली उघडं ॲल्युमिनियम, प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका, म्हणजे कमानीची चौकट. तीन शंका आहेत. किटच्या खिडक्या उघड्या ठेवू की बुजवू? झरोके विकतच्या डीकॅलचे (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राचे) की घरी छापून? पांढरा आधी की चंदेरी? एअरब्रश आहे. मुक्काम दादर, तेव्हा पावसाळा धरूनच सांगा.

सांधेवाला
चिकटवलं नाहीत हे बरं झालं, कारण तुमच्या तिन्ही शंकांचं मूळ एकच आहे: खिडक्यांमधलं अंतर.

खऱ्या ७४७ मध्ये एका खिडकीच्या मध्यापासून पुढच्या खिडकीच्या मध्यापर्यंत २० इंच, म्हणजे ५०८ मिमी. १४४ ने भागा, ३.५३ मिमी येतात. आता दाराचा अडथळा नसलेल्या ११ सलग खिडक्या धरा आणि पहिलीच्या मध्यापासून अकरावीच्या मध्यापर्यंत व्हर्नियरने मोजा. ३५.३ मिमी यायला हवेत. डीकॅलच्या कागदावरही हेच मोजा. दोन्हींत दर खिडकीमागे ०.१ मिमीचा फरक असला, तरी दहा खिडक्यांनंतर झरोका १ मिमी सरकलेला असतो. साध्या लाल पट्ट्यात हे लपून जातं. कमानीत लपत नाही, खिडकी कमानीच्या खांबाला टेकलेली दिसते.

माझं मत सरळ आहे: सगळ्या बुजवा. काचही डीकॅलवरचीच ठेवा, गडद करड्या रंगाची. काळी नको, या मापाला काळी काच भोकासारखी दिसते.

नाकात_शिसं
सगळ्या बुजवायला माझा विरोध. कॉकपिटची काच तरी ठेवा. नाकाला तिथूनच जीव येतो.

सांधेवाला
कॉकपिटबद्दल वादच नाही. मी केबिनच्या ओळीबद्दल म्हणतोय.

बुजवायची पद्धत अशी: आतून किटच्या पारदर्शक पट्ट्या चिकटवा, म्हणजे भराव आत पडणार नाही. बाहेरून सुपरग्लू आणि टाल्कम पावडर सारख्या प्रमाणात कालवून टूथपिकने भरा, किंचित उंचवटा राहू द्या. तासाभराच्या आत ४०० च्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा, मग ८००, मग १२००. रात्रभर ठेवलंत तर सुपरग्लू प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो. मग पेपर आजूबाजूचं प्लॅस्टिक खातो आणि खिडक्यांच्या जागी टेंगळं राहतात. ट्यूबमधल्या पुट्टीने हे काम करू नका. ती आठवड्याभराने आक्रसते आणि ग्लॉस पांढऱ्याखाली खळग्यांची ओळ पुन्हा उमटते. शेवटी मिस्टर सर्फेसर १००० (प्रायमर) चा हात मारून धड दिव्यासमोर तिरपं धरा. प्रकाशाची रेघ न मोडता सरकली पाहिजे.

लाल_टोनर
छपाईचं मी सांगते. या रंगसंगतीत एक सोय आहे: झरोका लाल आणि त्याच्याखाली पांढरा रंग, त्यामुळे पांढरी शाई लागत नाही. घरचा किंवा झेरॉक्सवाल्याकडचा रंगीत लेझर आणि पारदर्शक डीकॅल पेपर पुरतो. पण टोनर अर्धपारदर्शक असतो, तेव्हा पांढरा रंग झरोक्याच्या खालच्या कडेपर्यंत पूर्ण गेलेला हवा. लालचा एक केस जरी चंदेरीवर आला, तरी तेवढा भाग विटकरी दिसतो.

आकृती संगणकावर व्हेक्टरमध्ये (मोठीलहान केली तरी न फाटणाऱ्या रेषांत) काढा. एकच झरोका नीट काढायचा आणि ३.५३ मिमीवर त्याच्या प्रती ठेवत जायच्या. छापताना ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद करा, नाहीतर प्रिंटर गुपचूप दोन-तीन टक्के लहान करतो आणि सगळं गणित बोंबलतं. आधी साध्या कागदावर छापून, कापून धडावर गुंडाळून बघा.

इंकजेट असेल तर ॲक्रिलिक क्लिअरचे तीन पातळ हात आणि २४ तास वाळवण, मगच पाण्यात. नाहीतर लाल शाई बशीत.

लावताना अखंड पट्टी लावू नका. दारांपाशी कापा, एका बाजूला मुख्य दारं पाचच आहेत. नाकाकडे धड निमुळतं होतं, तिथे तीन-तीन खिडक्यांचे तुकडे करा. मायक्रो सेट (डीकॅल नीट चिकटवणारं द्रव) खाली, डीकॅल वर, पाणी टिपून मग मायक्रो सोल (डीकॅल मऊ करणारं द्रव). सोल लावल्यावर डीकॅल सुरकुततो. त्या वेळी त्याला बोट लावायचं नाही, आपोआप ताणून बसतो.

कागदी_विमान
हे फार कामाचं. आता रंगांचा क्रम? आणि वरच्या मजल्याला किती खिडक्या?

सांधेवाला
वरच्या मजल्याला काही ७४७-२०० मध्ये तीन, काहींत दहा. नोंदणी क्रमांक आधी ठरवा, त्याच विमानाचा आणि त्याच काळातला फोटो शोधा. खालच्या ओळीतही मधूनमधून बंद खिडक्या असतात, त्याही तिथूनच कळतील. इंजिनं प्रॅट अँड व्हिटनीची जेटी९डी. किट ब्रिटिश एअरवेजच्या खोक्यातलं असून इंजिनं रोल्स-रॉईसची असतील तर ती चालणार नाहीत.

नाव निवडताना एक भान ठेवा, विशेषतः कुणाला भेट द्यायचं असेल तर. पहिलं ‘एम्परर अशोक’, व्हीटी-ईबीडी, १९७१ मध्ये आलं आणि १ जानेवारी १९७८ ला वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. ‘एम्परर कनिष्क’, व्हीटी-ईएफओ, १९८५ च्या बॉम्बस्फोटात गेलं.

क्रम: पांढरा आधी. टामियाचा टीएस-२६ (स्प्रेकॅनमधला पांढरा) डब्यात काढून एअरब्रशने मारा, तीन धुक्यासारखे हात आणि एक ओला. ४८ तास थांबा. मग १ मिमीची लवचीक टेप लावून सीमारेषा काढा आणि टेपच्या कडेवर आधी पांढराच फुंकर मारल्यासारखा पुन्हा मारा. त्याने कड बंद होते, पुढचा रंग आत शिरत नाही. त्यावर ग्लॉस काळा, वाळला की अल्क्लॅडचं ॲल्युमिनियम (धातूसारखा दिसणारा रंग) १२ ते १५ पीएसआय हवेच्या दाबावर. काळ्यावर धूळ असेल तर तीही चंदेरी होऊन चमकते, हे लक्षात ठेवा.

पंख चंदेरी करू नका. कडा बोइंग ग्रे, मधला पट्टा कोरोगार्डचा, म्हणजे गडद चंदेरी-करडा. इथे बरेच जण चुकतात.

लाल_टोनर
दादरचा पावसाळा: लॅकर मारताना हवेतला ओलावा पृष्ठभागावर थिजतो आणि ग्लॉस दुधाळ होतो. थिनरमध्ये रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव) घाला किंवा लेव्हलिंग थिनरच वापरा. दुधाळ झालाच तर घासू नका, नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारला की बहुधा उतरतो. आणि डीकॅलवर स्प्रेकॅनचा क्लिअर पहिल्याच हाताला ओला मारू नका, झरोके विरघळतील.

नाकात_शिसं
नाकातलं वजन विसरू नका, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. टेपने सगळं जोडून मागच्या चाकांच्या ओळीवर विमान पेन्सिलीवर तोला आणि नाक खाली जाईपर्यंत शिशाच्या गोळ्या घाला. मग थोड्या जास्तच, रंग आणि शेपटीचं वजन अजून यायचंय. चाकं अठरा आहेत, स्प्रूवर (किटच्या सुट्या भागांच्या चौकटीवर) असतानाच रंगवा.

ठाणे_स्लो
मधेच विचारतो: ‘शिवाजी’ करायचं असेल तर हेच किट चालेल?

सांधेवाला
नाही. व्हीटी-ईपीडब्ल्यू ‘शिवाजी’ हे ७४७-३३७ कॉम्बी (प्रवासी आणि माल दोन्हींचं), वरचा मजला लांब. त्यासाठी ७४७-४०० चं धड घ्या, इंजिनं जनरल इलेक्ट्रिकची असलेलं. ४०० च्या पंखांची टोकं विंगलेटसकट (टोकाच्या उभ्या पंखुडीसकट) प्रत्येक बाजूला साधारण १६.७ मिमी कापावी लागतात. डाव्या बाजूला पंखामागे मालाचं मोठं दार कोरायचं: ३.४० गुणिले ३.०५ मीटर, म्हणजे २३.६ गुणिले २१.२ मिमी. जाड पत्र्याचा साचा कापा, कोपरे गोल करा, दुहेरी टेपने चिकटवा आणि स्क्रायबर (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) वजन न देता दहा-बारा वेळा फिरवा. खिडक्यांची ओळ त्या दारावरूनही जाते, तेव्हा डीकॅल बसला की दाराच्या रेघेवर नव्या ब्लेडने चीर द्या आणि वर सोलचा एक थेंब सोडा.