गोळ्या बंद करून बारा वर्षं झाली असतील तर
वर एका ताईंनी विचारलंय, पूर्वी गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या होत्या, बंद करून बारा वर्षं झाली. आता स्तनाचा कॅन्सर निघालाय, तो त्यामुळे जास्त घातक ठरेल का? तसा ठोस पुरावा नाही. १९९६ साली ५४ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. गोळ्या चालू असताना स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे २४ टक्के जास्त होता, बंद करून १० वर्षं उलटल्यावर जादा धोका दिसला नाही. उलट गोळ्या घेतलेल्यांचा कॅन्सर निदानाच्या वेळी कमी पसरलेला होता!

बायोप्सीच्या रिपोर्टात ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), ईआर-पीआर (कॅन्सर स्त्री-हॉर्मोनला प्रतिसाद देतो का) आणि हर-२ (कॅन्सर वाढवणारं एक प्रथिन) बघा. औषधं त्यावर ठरतात, जुन्या गोळ्यांवर नाही. यापुढे मात्र हॉर्मोनची गोळी, इंजेक्शन, हॉर्मोनवालं लूप काहीच नको. कॉपर-टी चालते. टॅमॉक्सिफेनवर (स्तनाच्या कॅन्सरमध्ये हॉर्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात आणि हे औषध गर्भाला बाधतं, म्हणून हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.